मोरपिसाचं बूच

माझ्या बापाला चार तास एका जागी बसवून ठेवील असं बूच तयार करायला मला अख्खा हिवाळा लागला. गळ टाकणारे लोक बूच करतात ते मासा कळावा म्हणून; मी केलं ते बाप उठू नये म्हणून. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या खुणेला पुस्तकात काय म्हणतात मला ठाऊक नाही. आम्ही बूच म्हणायचो, कारण आमचं पहिलं खरोखरच बाटलीचं बूच होतं, आणि पुढे ते मोरपिसाचं झालं तरी नाव बदलत बसायला कोणाला सवड होती. आता माझी पन्नाशी उलटली. सुना-नातवंडांत कोणी विचारलं की तुम्ही लहानपणी काय खेळलात, तर मी सांगते, तापीवर मासे धरले. त्या हसतात. पोरीच्या जातीने गळ टाकला, म्हणतात. टाकला बाई, आणि नुसता टाकला नाही, जीव मुठीत धरून टाकला.

आम्ही राहायचो सुरतेत, उधन्याच्या अंगाला, एका लांबच लांब चाळीत. चाळ सगळी खानदेशातून आलेल्यांची. पाठीमागे लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, आणि त्यांचा खटखटाट असा की भिंतीला टेकवलेलं ताट हळूहळू सरकत खाली यायचं. पाहुणे आले की पहिल्या दिवशी डोकं धरून बसायचे. आम्हाला मात्र वीज गेली आणि मशीनं थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. माझे वडील, आबा, पलीकडच्या गल्लीतल्या खात्यात बारा-बारा तास चार मशीनांवर उभे असत. त्यात त्यांचे कान गेले. गेले म्हणजे पुरते गेले, पण हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता, असं ते आम्हाला सुनवायचे. मग आम्ही ओरडायचो. आमच्या भाजीत मीठ कमी पडलं हे चौथ्या खोलीपर्यंत ऐकू जायचं, आणि चौथ्या खोलीतली मावशी वाटीत मीठ घेऊन दारात उभी राहायची.

माय दिवसभर साड्या मांडीवर घेऊन बसायची. व्यापाऱ्याचा माणूस सकाळी गठ्ठा टाकून जाई आणि माय एकेक साडी उलगडून तिच्यावर डिंकाने टिकल्या चिकटवी. टिकल्या अंथरुणात, टिकल्या केसांत, एकदा तर माझ्या भाकरीत टिकली निघाली आणि मी ती जिभेवर घेऊन शाळेत गेले. भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडदाची, सोबत तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा. दुपारी स्टोव्हवर खिचडी चढली की रॉकेलचा आणि लसणाचा वास एकमेकांत मिसळून खोलीभर पसरायचा. तो वास मला अजूनही कुठे आला तर पोटात भूक आणि भीती दोन्ही एकदम उठतात. भीती का, ते सांगते.

आबा वाईट माणूस नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण दारू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव बाप उभा राहतो. आबांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, की शिवी दिली नाही. गुजरातेत दारूबंदी होती. बंदी होती म्हणजे दारू प्लास्टिकच्या पोटलीत मिळायची, एवढंच. सोमवार ते शनिवार आबा सरळ असत. रविवारी खातं बंद राही, हातांना काम नसे, आणि मग त्यांना काय व्हायचं देव जाणे. बोटं उगाचच हलत राहायची, जशी काही समोर मशीनवर सुताची तुटलेली तार आहे आणि ती सांधायची आहे. तेवढ्यात त्यांच्याच खात्यातला भगवानकाका दारात यायचा. संध्याकाळी दोघं-तिघं आबांना धरून आणायचे. त्या दिवाळीनंतर एकदा ते नाल्याच्या कडेला पालथे सापडले. तोंड पाण्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्या दिवसापासून मायचं बोलणं कमी झालं.

आठ दिवसांनी ती माझ्याशी बोलली. आबांना गावी असताना माशांचा नाद होता, असं तिने सांगितलं. आमचं गावही तापीच्याच काठी, नदी तीच, फक्त इथे येईपर्यंत ती म्हातारी आणि खारट झालेली. तर मी दर रविवारी आबांना घेऊन नदीवर जायचं आणि दिवस मावळेपर्यंत त्यांना तिथून हलू द्यायचं नाही. एवढं सांगून तिने मांडीवरची साडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आते एकदाव त्या तशा उनात, ते मी तुले लीसन गावले चालनी जासू."

म्हणजे आणखी एकदा ते तसे आले, तर ती मला घेऊन कायमची गावी जाणार. माय फुकाची धमकी देणारी बाई नव्हती. मी तेव्हा नववीत होते. गावात शाळा सातवीपर्यंत, मामाच्या घरात आधीच खाणारी तोंडं फार, आणि मामीच्या हिशेबात पंधरा वर्षांची पोर म्हणजे वर्षभरात उजवून टाकायची वस्तू. मला सगळं लख्ख दिसलं. मी म्हटलं, मग आबांना सांग की तसं. त्यावर ती म्हणाली की अजिबात सांगायचं नाही, तू पण नाही. सांगून थांबलेला माणूस आठ दिवस थांबतो. तिने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. आता बघा मायचा न्याय. मी बापाला अडवायचंही, आणि अडवते आहे हे त्याला कळूही द्यायचं नाही. तेव्हा मला तिचा फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

पहिले काही रविवार हाल झाले. काठी वेळूची, तिला जाड नायलॉनची दोरी, दोरीला बाटलीचं बूच आणि खाली केवढा तरी गळ, ज्यावर शेळी टांगता आली असती. मी खात्यातल्या फाटक्या कापडाची झोळी करून घाटाखालच्या उथळ पाण्यात कोळंबी धरायची, तिला सुरतेत सगळे झिंगाच म्हणतात, आणि आबा जिवंत झिंगा गळाला लावायचे. त्या जाड गळाने झिंग्याचे दोन तुकडेच व्हायचे. मेलेलं आमिष आणि म्हशीसारखं बसून राहणारं बूच. मासे आले तरी झिंगा कुरतडून जात, बुचाला पत्ताच नसे. आबा अर्धा तास बघायचे, मग बोटं हलायला लागायची, मग मान मागे वळायची, आणि मग ते म्हणायचे, "मासाच नही शे." दोनदा ते मला तिथेच बसवून गेले. दोन्ही वेळा स्वतःच्या पायांनी घरी आले म्हणून आम्ही वाचलो. मायने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर ठेवली. रिकामीच होती, पण बाहेर होती.

आमच्यापासून वीसेक हात अंतरावर एक म्हातारे गुजराती गृहस्थ बसत. रमणभाई. आयुष्यभर त्यांनी जरीची तार ओढण्याचं काम केलं होतं, त्यामुळे केसासारख्या बारीक वस्तूंशी त्यांचं सख्य होतं. त्यांच्या डब्यात मासे असायचे. एके दिवशी आबा उठून गेल्यावर मी रडत बसले होते, तेव्हा ते आपली काठी घेऊन जवळ आले. रडण्याबद्दल काही विचारलं नाही. माझा गळ उचलून पाहिला आणि नाक मुरडलं. मग म्हणाले, "झिंगो जीवतो जोइए, दीकरी." झिंगा जिवंत राहिला पाहिजे. त्यांनी आपला गळ दाखवला, तो माझ्या नखापेक्षा लहान. झिंग्याच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्या काट्याच्या मुळाशी, आत जो काळा ठिपका दिसतो त्याला धक्का न लावता, गळ नुसता कातडीतून काढायचा. झिंगा तासभर पोहत राहतो, त्याला कळतही नाही आपल्याला धरलंय. आणि बूच असं हवं की पाण्याबाहेर मुंगीच्या डोक्याएवढंच दिसेल. झिंग्याने पाय हलवला तरी ते हललं पाहिजे. जड बूच ओढायला लागलं की माशाला संशय येतो आणि तो झिंगा थुंकून टाकतो, असं त्यांनी मला हातवारे करून समजावलं.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी चौकातल्या जाळी-दोऱ्या विकणाऱ्या दुकानात गेले. गळांच्या कागदी पुड्या, त्यांवर नंबर. मी मोठ्या दिमाखात सगळ्यात लहान नंबर मागितला, तर दुकानदाराने मगरीला पुरेल असा गळ काढून ठेवला. इथे नंबर वाढला की गळ लहान होत जातो. आमच्या खात्यात सगळं उलटं, तारेची जाडी सांगणारा डेनिअरचा आकडा वाढला की तार जाड. दुकानदार पोरीशी बोलायला फारसा खूष नव्हता, पण मी एकेक पुडी उघडायला लावली आणि गळ बोटाच्या पेरावर ठेवून पाहिले. शेवटी बारा नंबरचे घेतले. त्याने विचारलं, याने काय मुंग्या धरणार का. मी म्हटलं, बाप धरणार आहे. त्याला वाटलं मी म्हणते बाप मासे धरणार आहे.

बुचासाठी मोरपीस मायच्या देवाच्या तसबिरीमागून चोरलं. पिसाचा देठ बोटभर कापला, दोन्ही तोंडं मायच्याच डिंकाने बंद केली. पाण्यात चमकावं म्हणून टोकावर तिच्या डब्यातली एक लाल टिकली चिकटवली. मग चाळीच्या नळाखालची बादली घेऊन बसले. शिशाची गोळी दोरीला दाबून लावायची, बूच पाण्यात सोडायचं, जास्त वर राहिलं तर आणखी शिसं, बुडालं तर ब्लेडने शिसं तासायचं. चाळीतल्या बायका पाणी भरायला खोळंबल्या आणि मला वेड लागलंय असं त्यांचं एकमत झालं. चौथ्या दिवशी बूच जमलं. पाण्यावर फक्त टिकली राहायची, आणि मी शेजारून चालत गेले तरी ती थरथरायची. पीस गायब झाल्याचं मायला कळलं तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. कशासाठी घेतलं ते पाहिल्यावर ती जाऊन देवाला हात जोडून आली.

बूच इतकं नाजूक करण्यामागे माझा एक डाव होता, आणि तो मला रमणभाईंनी शिकवलेला नव्हता. चार मशीनांवर हजारो तारांतली एक तुटली तर ती आबांना दहा पावलांवरून दिसायची. कानांनी काही नाही, सगळं डोळ्यांनी. अशा माणसाला बाटलीचं बूच बघत बसवणं म्हणजे सोनाराला विटा उचलायला लावणं. त्याला काहीतरी बारीक द्यायला हवं होतं, सतत हलणारं, आता होईल मग होईल असं वाटायला लावणारं. जिवंत झिंगा खाली पोहत असताना ती टिकली एक क्षण स्थिर राहत नव्हती. पहिल्या रविवारी मी बूच पाण्यात सोडलं आणि आबांच्या चेहऱ्याकडे चोरून पाहिलं. ते पुढे वाकले. बोटं थांबली. दुपार झाली, मी भाकरी हातात दिली, ती त्यांनी टिकलीवरची नजर न काढता खाल्ली. त्या दिवशी आम्ही चार लहान मासे घेऊन दिवेलागणीला घरी आलो आणि मायने ट्रंक पायाने पलंगाखाली ढकलली.

असे बरेच रविवार गेले. हळूहळू आबा मला बूच वाचायला शिकवू लागले. टिकली एकसारखी थरथरते तोवर झिंगा सुखात आहे. थरथर वाढून हिसके बसायला लागले की झिंग्याने काहीतरी पाहिलंय. मग एकदम सगळं थांबतं. ते थांबणंच खरं. मासा झिंगा तोंडात धरून उभा आहे. तेव्हा ओढायचं नाही. बूच तिरकं सरकू द्यायचं, बुडू द्यायचं, आणि मग मनगटातून झटका. हे सगळं आबा मला खुणांनी सांगत. नदीवर आम्ही फारसं बोलत नसू. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की मासे जातात, अशी माझी समजूत होती. ते माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस होते आणि त्यांतला प्रत्येक दिवस मी जीव मुठीत धरून काढला. ते नुसती बैठक बदलायचे तरी मी त्यांच्या चपलांकडे बघायची.

मग होळी आली. खातं दोन दिवस बंद, आणि नेमका आदल्या दिवशी पगार झालेला. भगवानकाकाने चाळीच्या दारात उभं राहून जाहीर केलं की उद्या मी तुला नदीवरूनच उचलतो, मासे तुझ्या पोरीला धरू दे. त्याच्या खोलीवर सगळे जमणार होते. आबा हसले. त्या दिवशी मायने ट्रंक बाहेर काढली आणि या वेळी ती भरली. तिची दोन लुगडी, माझे कपडे, देवाची तसबीर, सगळ्यात वर माझा शाळेचा निकालाचा कागद. ट्रंकेला कुलूप लावून तिने किल्ली कमरेला खोचली. मला एवढंच म्हणाली की परवा सकाळी सात वाजता गाडी आहे.

मी काय केलं सांगू? मी नवा गळ बांधला. माझ्याकडे दुसरं हत्यारच नव्हतं. रमणभाईंनी मला एक बारीक, पाण्यात दिसणार नाही अशी दोरी दिली होती, हातभर, तिच्या टोकाला बारा नंबरचा गळ त्यांनी स्वतः बांधलेला. ती मी आमच्या जाड दोरीला जोडली. गाठ मारली ती खात्यातली, तुटलेली तार सांधायची. आबांनी मला सहाव्या वर्षी शिकवलेली ती गाठ मी डोळे मिटून, एका हाताने मारू शकत होते. चाळीतल्या प्रत्येक पोराला ती येते. लहान, सपाट, बोटाला लागतही नाही, आणि सुतात ती जन्मात सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीचं पाणी चढत होतं. घाटावर दोन बाया कपडे धूत होत्या, रंग खेळलेली पोरं पलीकडे अंघोळ करत होती. मी डब्यातला सगळ्यात चपळ झिंगा निवडून गळाला लावला. दुपार टळली. आबा पुढे वाकून बसले होते, मी त्यांच्या डाव्या हाताला. आणि टिकलीला हिसके बसायला लागले. तसे हिसके मी आधी पाहिले नव्हते. झिंगा खाली जिवाच्या आकांताने उड्या मारत असणार. आबांनी काठीवरची मूठ आवळली. त्याच वेळी मागून आबांच्या नावाने हाक आली, "पंडितभाऊ." भगवानकाका घाटाच्या वरच्या पायरीवर उभा होता. आबांना अर्थातच ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी मान वळवली नाही. त्याने परत हाक मारली, मग शिट्टी घातली, मग चपला फटफटवत खाली यायला लागला. ती प्रत्येक पायरी मी पाठीने मोजली. मासेराया, आता घे, आता घे, असं मी मनात म्हणत होते. तो येऊन आबांच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबांनी त्याच्याकडे न बघता फक्त तळहात वर केला. थांब. आणि टिकली थांबली.

भगवानकाकाही पुढे वाकून बघायला लागला. टिकली तिरकी झाली, हळू डावीकडे सरकली आणि पाण्याखाली गेली. लाल ठिपका खोल जाताना दिसत राहिला. आबांनी झटका दिला. वेळूची काठी कमानीसारखी वाकली, दोरीतून आवाज निघाला, आबांचा पाय पायरीवरच्या शेवाळावरून घसरला आणि मी त्यांचा सदरा मागून धरला. तसा मासा आम्हाला कधी लागला नव्हता. कोणता होता ते आजपर्यंत मला माहीत नाही, कारण आम्ही तो पाहिलाच नाही. काठी एकाएकी सरळ झाली. बूच उसळून वर आलं आणि पाण्यावर आडवं पडलं.

आबांनी दोरी ओढून टोक हातात घेतलं. टोक तुटलेलं नव्हतं. अख्खं होतं, फक्त कुरळं झालेलं. नायलॉन गुळगुळीत, त्यात आमची गाठ नुसती सरकून सुटली होती. आबांनी ते टोक बोटांत फिरवून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हाई ते मनी गाठ शे," ते म्हणाले. ही तर माझी गाठ आहे. भगवानकाका हसला, मासाही गेला आणि गळही गेला, आता चल, असं त्याने हाताने खुणावलं. आबांनी काठी खाली ठेवली. पँट झटकली. पायांत चपला सरकवल्या आणि एक पायरी वर चढले.

माझं डोकं बंद पडलं. शपथ, माय, सगळं विसरले. आबांनी काठी घ्यायला की कशाला कोण जाणे, मागे वळून पाहिलं, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "माय ट्रंक भरीसन बठेल शे. आज तुम्ही गयात ते आम्ही दोन्ही गावले चालनूत."

कपडे धुणाऱ्या बायांचे हात थांबले. पाण्यातली पोरं वळून बघायला लागली. रमणभाईंनी मान खाली घालून आपल्या डब्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. भगवानकाकाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता एकटा होता. तो पायऱ्या चढून गेला. आबा तिथेच उभे होते. त्यांच्या अंगावर सगळ्या घाटाची नजर होती आणि ती मी आणली होती. शरमेने मला पाण्यात शिरावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळाने ते खाली आले आणि मघाच्याच जागी बसले. मग नदीकडे बघत, अगदी हळू आवाजात, जो मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला होता, म्हणाले, "इतली बोंब कसाले मारी? मनाकडे दखीसन हळू बोलती तरी माले समजतं."

माझ्याकडे बघून हळू बोलली असतीस तरी कळलं असतं, म्हणजे काय, ते मला उमगलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. खात्यात मशीनं चालू असताना कोणालाच काही ऐकू येत नाही, चांगल्या कानाच्यालाही नाही. तिथे सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला विड्या आहेत का विचारतो, आणि तोही तसंच सांगतो, नाहीत. आबांना ओठ वाचायची इतकी सवय की समोरचा तोंड दाखवून बोलला तर त्यांना कानांची गरजच नव्हती. घरी ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. आम्ही विचारलीही नव्हती. आम्ही आपले त्यांच्या पाठीमागून, स्टोव्हकडे तोंड करून ओरडत राहिलो.

आमच्याकडे गळ राहिला नव्हता, तरी दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथे बसलो. परत येताना बसमध्ये मला एकेक आठवायला लागलं. मायने मला गावी जाण्याचं सांगितलं तेव्हा आबा समोर उंबऱ्यात बसून जेवत होते. त्यांना कुठे ऐकू येतंय, म्हणून आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत होतो, त्यांच्याकडे तोंड करून. डोक्यावर हात ठेवून शपथ झाली तीही त्यांच्यासमोर. ट्रंक भरली तेव्हा सकाळची सातची गाडी हे शब्द मायने दिव्याखाली उभं राहून उच्चारले होते. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांना नदीवर का नेते, बूच कशासाठी केलं, सगळं. आणि ठाऊक असूनही ते त्या दिवशी उठले होते. भगवानकाकाबरोबर जायला उठले, की त्याला वाटेला लावून परत यायला उठले? पुढे तीस वर्षं ते माझ्या समोर होते, पण हे मी त्यांना विचारलं नाही. माझ्या ओरडण्याने त्यांचं उत्तर कायमचं हुकलं. ते स्वतः थांबले असते तर मायला हवं होतं तेच झालं असतं. आता ते पोरीने चारचौघांत ओरडून थांबवलेले ठरले.

दारू सुटली का, असं ऐकणारे विचारतात. लगेच नाही सुटली, पण धरून आणायची वेळ पुन्हा आली नाही. मी त्याच शाळेतून दहावी झाले. नदीवर मात्र ते माझ्याबरोबर परत आले नाहीत. मी दोन-तीनदा काठी काढून दारात ठेवली, त्यांनी ती उचलून कोपऱ्यात उभी केली.

त्या संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवा लागलेला होता. माय ट्रंकेवरच बसली होती, लुगडं नेसून, केस विंचरून, प्रवासाला निघालेल्या बाईसारखी. तिने आबांच्या पायांकडे पाहिलं, चाल सरळ होती. मग मला जवळ बोलावलं. आबा समोरच्या भिंतीला टेकून बसले होते. तिने हलक्या आवाजात मला विचारलं, तू सांगितलंस का त्यांना? खोटं बोलायचं बळ नव्हतं आणि खरं सांगितलं तर शपथ मोडलेली. तेवढ्यात भिंतीकडून आबा म्हणाले, "तिनी काही सांगं नही. माले पहिलेच माहीत व्हतं."

मायचा हात आपोआप तोंडावर गेला. मला दिसत होतं की तीही माझ्यासारखीच मागचं सगळं आठवत होती, वर्षानुवर्षं त्यांच्या समोर बसून त्यांच्याबद्दल शेजारणींशी काय काय बोलली ते. मग तिने हात खाली घेतला. ट्रंकेवरून उठली, दिवा उचलून आपल्या चेहऱ्याजवळ धरला आणि माझ्याकडे पाठ करून आबांच्या समोर जाऊन बसली. ती त्यांच्याशी काहीतरी बोलली. आवाज अजिबात काढला नाही, नुसते ओठ हलवले असणार. मी मागे उभी होते, मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता. बराच वेळ ती बोलत होती. आबा तिच्या तोंडावरची नजर न काढता ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "बरं."